आठ वाजताचे थेंब

पडद्याच्या आतून टिक टिक, टिक टिक ऐकू आलं आणि मी ताडकन उठले. हा माणूस तपासणी देत नव्हता, वाजवत होता!

"काय झालं हो?" डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसरा माझ्यावर रोखलेला.

"काही नाही, आमच्या ह्यांनी आत मैफल मांडलीय," असं म्हणून मी पडदा सारला आणि सरळ आत घुसले.

माझा नवरा ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. लग्न झालं तेव्हाही वाजवायचा, आता केस पिकले तरी वाजवतो. अंगाने काडी, म्हणून अख्खं गाव त्याला टिपरू म्हणतं. मीही पाठीमागे टिपरूच म्हणते, तोंडावर 'अहो'. जेवताना ताटावर, झोपताना पलंगाच्या कडेवर, मी दुकानात इस्त्री फिरवत असले तर टेबलाच्या पायावर, ह्याची बोटं कुठे ना कुठे चालूच. तो ठेका मला झोपेतही ओळखू येतो. तो बटण कसा दाबतोय हे बघायची मला गरजच नव्हती.

आत अंधार होता. एक मोठं पांढरं घमेलं आडवं करून ठेवावं तसं ते मशीन, आणि त्यात टिपरूचं डोकं. हनुवटी आधारावर, एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. मधल्या दिव्याकडे टक लावून बघायचं, आजूबाजूला कुठे बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं, एवढंच काम. मशीनवरच्या मुलीने ते त्याला दोनदा समजावलं होतं. आणि हा गडी? डोळा समोर, अंगठा बटणावर, आणि उजवा पाय खाली फरशीवर मस्त ढोल वाजवतोय!

"मावशी, बाहेर थांबा, तपासणी चाललीय," मुलगी कुजबुजली.

"कसली तपासणी? बंद कर ते. अहो, हात काढा त्या बटणावरनं!"

"अगं, छान चाललंय माझं," टिपरू डोकं न हलवता म्हणाला. "ह्याची लय सापडलीय मला. मधे मधे गुर्र करतं, की दाबायचं. एकही सोडलं नाही."

"आणि दिवे? दिवे दिसले का?"

"काही दिसले. काही... अगं, लय सापडल्यावर दिसायलाच कशाला हवंय?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, शांत, कुणावर आवाज न चढवणाऱ्या. मला वाटलं आता मलाच बाहेर काढतील. पण त्यांनी मशीनच्या पडद्यावर नजर टाकली आणि टिपरूच्या डोळ्यावरची पट्टी स्वतःच काढली.

"काका, हे मशीन मधूनच नुसता आवाज करतं, दिवा लावतच नाही. मुद्दाम. माणूस बघून दाबतोय की अंदाजाने, ते कळावं म्हणून. तुम्ही तिथेही दाबलंय. जवळजवळ सगळीकडे."

टिपरूचं तोंड एवढंसं झालं. "पण लय तर बरोबर होती."

"असणारच. हे समोरच्याच्या वेगाशी जुळवून घेतं. तुम्ही ठेका धरलात, ह्याने साथ दिली."

"तरीच!" टिपरू खुलला. "मी म्हटलं, साथ बरी करतंय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काका, ही पास व्हायची परीक्षा नाही. तुम्हाला काय दिसतं ते मला नकोय. काय दिसत नाही ते हवंय."

आम्ही खरं तर आलो होतो चष्म्याला. गेले काही महिने टिपरू डावीकडे धडकत होता. दाराची चौकट, शेजाऱ्यांची सायकल, माझ्या हातातला चहाचा कप, सगळं डावीकडूनच. मी "डोळे आहेत की बटणं?" म्हणून करवादायचे, आणि तो म्हणायचा की तूच मधे येतेस. मग ऑर्केस्ट्रात भानगडी सुरू झाल्या. त्यांचा मालक स्वतः कीबोर्ड वाजवतो, तो स्टेजवर टिपरूच्या डाव्या हाताला बसतो. थांबायचं असलं, वेग वाढवायचा असला, की तो हाताने खूण करणार आणि ड्रमवाला कोपऱ्यातून बघून उचलणार, अशी त्यांची रीत. टिपरूने दोनदा खूण चुकवली. एकदा तर सगळे थांबले आणि हा एकटाच वाजवत राहिला, लोक हसले. म्हणून मी त्याला हाताला धरून आणला. इथे त्याने भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवली आणि माझ्याकडे असं बघितलं की काय विचारू नका. पण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब मोजला, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, भिंग लावून आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, अजून एक तपासणी करू.

ती आता पुन्हा सुरू झाली. ह्या वेळी मला शेजारी स्टूल मिळालं. मी टिपरूच्या गुडघ्यावर हात दाबून धरला, पाय हलता कामा नये म्हणून.

मशीन गुरगुरत होतं. बटण वाजलं. मग नाही वाजलं. मग बराच वेळ नाही. एकदा वाजलं, पुन्हा शांत. इतकी वर्षं मी ह्या माणसाला ओरडत आले, की जरा हात थांबवा, डोकं उठलं माझं. आज ते हात थांबले आणि मला भीती वाटली, खरी भीती. वाजव रे बाबा, मी मनात म्हणत होते, वाजव.

मग आम्ही डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी बसलो. त्यांनी दोन चित्रं पुढे ठेवली, एकेका डोळ्याचं एकेक. डाव्या डोळ्याचं चित्र जवळजवळ काळं होतं, मधे तेवढा पांढरा तुकडा. उजव्याला वरच्या कोपऱ्यात काळं लागायला सुरुवात झाली होती. कापडाला शाई लागली की कडेने पसरते, तसं.

"म्हणजे मोतीबिंदू ना?" टिपरू म्हणाला. "काढून टाका. आमच्या मालकाच्या आईचा काढला, म्हातारी आता सुईत दोरा ओवते."

"मोतीबिंदू नाही, काचबिंदू. मोतीबिंदू काढला की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यातला दाब मागच्या नसेला मारत जातो. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. म्हणून तर तुम्ही तक्ता सगळा वाचलात. जे गेलं ते परत येणार नाही, काका."

"मग तुम्ही कशाला आहात?" मी भडकले. कुणावर तरी भडकायचंच होतं, त्या समोर होत्या.

"जे राहिलंय ते राखायला," त्या म्हणाल्या. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. "रोज सकाळ-संध्याकाळ थेंब, दोन्ही डोळ्यांत, कायमचे. बरं वाटणार नाही, जास्त दिसणार नाही, उलट थोडं झोंबेल. तरी घालायचे. आणि घातल्यावर डोळे मिटून नाकाच्या बाजूचे कोपरे बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचे, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहील. वेळ तुम्ही ठरवा. ठरवली की मोडायची नाही."

"आठ," टिपरू म्हणाला. "सकाळी आठ, रात्री आठ. कार्यक्रमात आठला मध्यंतर असतं, तेव्हा घालीन."

बाहेर पडल्यावर फुटपाथवर त्याने माझा दंड धरला. "ऑर्केस्ट्रात एक शब्द बोलायचा नाहीस."

"का? चोरी केलीय का?"

"मालकाने दुसरा ड्रमवाला बघून ठेवलाय. त्याला फक्त निमित्त हवंय. खूण न दिसणारा ड्रमवाला कोण ठेवेल? ती खुर्ची गेली ना, तर मी..." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते थेंबांचं की कसलं, मी विचारलं नाही.

मी गप्प बसायचं कबूल केलं. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, पण त्याच्या तोंडाकडे बघून केलं.

सकाळचे थेंब मी माझ्या हाताने घालायचे. तो "आग होते गं" म्हणून लहान मुलासारखा पाय आपटायचा, मी नाकाचे कोपरे दाबून धरायचे, आणि त्याची बोटं तेवढ्यात माझ्या मनगटावर ठेका धरायची. रोज रात्री कार्यक्रम नाहीतर तालीम असायचीच, म्हणून रात्रीची बाटली तो कोटाच्या खिशात घेऊन जायचा. आल्यावर मी विचारायचे, "घातले?" तो म्हणायचा, "घातले." माझा विश्वास बसला. बसणारच ना, नवरा आहे.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि पुन्हा मोजला. "उतरायला हवा होता. हवा तितका उतरला नाही. थेंब चुकतात का?"

"छे!" टिपरू म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला कळायचं ते कळलं.

ऑर्केस्ट्राचे कोट इस्त्रीला माझ्याकडेच येतात. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कोटातली बाटली काढून खिडकीशी उजेडात धरली. माझी सकाळची बाटली संपून दुसरी फोडली होती, आणि ही गळ्यापर्यंत भरलेली! तळपायाची आग मस्तकात गेली. तो समोर बसून टेबलाच्या पायावर ठेका धरत होता. मी बाटली ठाणकन टेबलावर आपटली.

"एकदाही नाही?"

"अगं, मध्यंतरात सगळे भोवती असतात. थेंब घातले की डोळे लाल होतात. मालक म्हणेल हा पिऊन आलाय. आणि दोन मिनिटं नाक दाबून बसलो तर विचारणार नाहीत का? सगळ्यांना कळेल."

"कळू दे!"

"तुला सोपं आहे. तुझी इस्त्री कोण काढून घेतंय? आणि फरक तरी काय पडतो? घातले तरी तेवढंच दिसतं, नाही घातले तरी तेवढंच."

"आज तेवढंच दिसतं," मी म्हटलं. "उद्या उजव्या डोळ्यातलं ते काळं खाली उतरेल. मग परवा गायिका दिसणार नाही, मग ड्रम दिसणार नाहीत, मग मी. मशीनला फसवलंत, मला फसवलंत. त्या नसेला काय ठेका वाजवून फसवणार आहात?"

त्याने टेबलावरची बाटली उचलून उजेडात धरली. म्हणाला, "घालीन आजपासून."

"तुम्ही नाही," मी म्हटलं. "आता मी घालणार. आठ वाजता, जिथे असाल तिथे."

"तिथे येऊ नकोस. शपथ आहे तुला."

"तुमच्या शपथा पाहिल्या मी. बाटलीत दिसल्या."

त्या शनिवारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. मी दुकान लवकर बंद केलं, चांगली साडी नेसले, बाटली पर्समध्ये टाकली आणि कोट पोचवायच्या निमित्ताने स्टेजच्या पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिले. मध्यंतराची वाट बघत होते. पण सुरुवातच उशिरा झाली, पाहुण्यांची भाषणं लांबली, आणि मालकाने माईकवरनं जाहीर केलं, "रसिकहो, वेळेअभावी आज मध्यंतर नाही, सलग गाणी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टिपरूने पायऱ्यांकडे पाहिलं. मी दिसले त्याला, कारण मी उजवीकडे उभी होते. त्याने बारीक मान हलवली, नको म्हणून. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले होते.

मी काही शूर बाई नाही. लोकांसमोर कधी बोललेली नाही, शाळेतही कविता म्हणताना दातखीळ बसायची माझी. पण मला त्या दोन काळ्या चित्रांची आठवण झाली आणि पाय आपोआप पायऱ्या चढायला लागले. एक गाणं संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं. त्या भगभगीत उजेडात मी पर्स काखेत धरून चालत गेले आणि ड्रमच्या मागे जाऊन उभी राहिले.

"अहो, वर बघा."

"खाली उतर," टिपरू दातओठ खाऊन पुटपुटला. "माझी अब्रू घालवतेस."

"अब्रू परत मिळवता येते. वर बघा."

सभागृहात हसण्याची लाट आली. कुणी शिट्टी मारली. मागून कुणी ओरडलं, "काकू, गाणार का?" मालक कीबोर्डवरनं अर्धा उठला, माझ्याच हातची कडक कॉलर मानेत रुतलेली, आणि खेकसला, "वहिनी, हे काय चालवलंय? हा काय दवाखाना आहे?"

गायिका माईक हातात धरून माझ्या शेजारीच उभी होती. मी काय बोलतेय ते सगळं त्या माईकमध्ये जातंय हे मला बोलून झाल्यावर कळलं.

"काचबिंदू झालाय ह्यांना! डावीकडचं दिसत नाही. म्हणून तुमच्या खुणा चुकतात, प्यायलेत म्हणून नाही. आठ वाजलेत, थेंब घालायचेत. तुम्हाला मध्यंतर नको असेल तर नका घेऊ. मी ह्यांचे डोळे तुमच्या वेळेवर सोडणार नाही. आणि काढायचं असेल तर काढा ह्यांना, पण कान गेलेत म्हणून काढा, हात गेलेत म्हणून काढा. डोळ्यांनी ड्रम कोण वाजवतं?"

टिपरूचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपलं. आता हा उठून जाईल, खुर्ची जाईल, आणि जन्मभर माझं तोंड बघणार नाही. नाही बघितलं तरी चालेल, मी मनात म्हटलं, बघता यायला मात्र हवं.

त्याने टिपऱ्या मांडीवर ठेवल्या. मग हळूच मान मागे टाकली, थेट माझ्या पोटाला टेकवली, आणि डोळे उघडे ठेवून वर पाहिलं. मी एक थेंब डाव्या डोळ्यात घातला, एक उजव्या. एकही गालावर सांडला नाही.

"मिटा," मी म्हटलं आणि मागे उभी राहून दोन्ही हातांच्या बोटांनी त्याच्या नाकाचे कोपरे दाबून धरले.

मालकाला वाटलं असणार, आता दाखवतो ह्यांना. दोन मिनिटं थांबेल तर तो मालक कसला? त्याने खाडकन पुढच्या गाण्याचे सूर छेडले, त्यांच्याकडचं सगळ्यात धावतं गाणं. ड्रमवाल्याने नजर एक क्षण हलवली तरी ठेका सुटतो, असं टिपरूच मला सांगायचा. त्याच्या टिपऱ्या अजून मांडीवर होत्या आणि डोळे माझ्या बोटांखाली मिटलेले.

"वाजवू?" त्याने विचारलं. आवाज बारीक होता.

"मग काय, नाक दाबून घ्यायला आलात?"

त्याने टिपऱ्या उचलल्या. पहिल्याच ठोक्याला मला त्याच्या नाकाच्या हाडातून हादरा जाणवला, मग दुसरा, मग पायाचा ढोल सुरू झाला आणि माझी बोटं, मनगटं, दात, सगळंच त्या ठेक्यात थडथडायला लागलं. हात डावीकडे गेला, झांजेवर बरोबर पडला. उजवीकडे गेला, बरोबर पडला. समोरच्या रांगेतल्या एका बाईने टाळी धरली, मग तिच्या शेजारणीने. गायिका माझ्या शेजारून निघाली आणि ड्रमच्या अगदी समोर उभी राहिली, लोकांकडे पाठ करून. डोळे उघडले की टिपरूला आधी ती दिसावी म्हणून. तिने तशीच गायला सुरुवात केली.

ह्याला पकडायला मालकाने डावीकडून मधेच थांबायची खूण केली. हात वर करून, मूठ आवळून, दोनदा केली. मला स्वच्छ दिसली. मी टिपरूला काही सांगितलं नाही, आणि गायिकेनेही तिकडे पाहिलं नाही. गाणं चालूच राहिलं. मालकाने मग मूठ उघडली आणि तोही पुन्हा मुकाट्याने वाजवायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटं सांगितली होती. मी गाणं संपेपर्यंत बोटं काढली नाहीत.